प्रश्न तुमचे : चुका शून्य, तरी दिवे भलतेच

(सूचना आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

ताई, मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी एटी८९एस५२ ही मायक्रोकंट्रोलर चिप, तिच्यात प्रोग्रॅम भरणारा यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर आणि पोर्ट १ वर आठ एलईडी जोडलेत. एक सोडून एक दिवा लागावा म्हणून साधा प्रोग्रॅम लिहिला: ‘मूव्ह पी१, ५५एच’ आणि पुढे तिथल्या तिथे फिरणारी एसजंप, म्हणजे छोटी उडी. असेंबलर (लिहिलेल्या सूचनांचे चिपला कळणारे बाइट बनवणारा प्रोग्रॅम) म्हणतो, चुका शून्य. चिपमध्ये भरतानाही अडचण नाही. पण दिवे भलतेच लागतात. रीसेट दाबलं तरी तेच, आणि सप्लाय बराच वेळ बंद ठेवून चालू केला की कधी कधी नमुनाच बदलतो. चिप खराब असेल का?
— एक विद्यार्थी, सांगली

चिप चांगली आहे, बदलू नकोस. रीसेटने नमुना बदलत नाही आणि सप्लाय घालवल्यावर बदलतो, हे तू नीट टिपलंस, आणि निदान त्यातच आहे. तुझी चिप ८०५१च्या कुटुंबातली, आणि रीसेटने ८०५१ची आतली रॅम पुसली जात नाही. सप्लाय गेला की मात्र तिच्यात काय उरेल याचा भरवसा नाही. म्हणजे तुझ्या दिव्यांवर जे दिसतंय ते रॅममधून येतंय, तुझ्या प्रोग्रॅममधल्या आकड्यावरून नाही.

आता तुझ्या फोल्डरमध्ये बघ. तू एएसईएम-५१ वापरतोस असं पत्रात पुढे लिहिलं आहेस. हा असेंबलर चिपमध्ये भरायच्या हेक्स फाइलीबरोबर एलएसटी नावाची, म्हणजे लिस्टची, आणखी एक फाइल न मागता बनवून ठेवतो. ती कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत ओळीचा क्रमांक, मग पत्ता, मग त्या सूचनेचे बाइट आणि पुढे तू लिहिलेली ओळ असते. तुझ्या पहिल्या ओळीसमोर तुला हे बाइट दिसतील (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाने लिहिलेले):

८५ ५५ ९०

हवे होते ते हे:

७५ ९० ५५

७५ म्हणजे ‘या पत्त्यावर हा आकडा ठेव’. ९० हा पोर्ट १ चा पत्ता आणि ५५ हा आकडा. ८५ ही वेगळीच सूचना आहे: ‘या पत्त्यावर जे आहे ते त्या पत्त्यावर ने’. तिच्यात कुठून आणायचं तो पत्ता आधी येतो आणि कुठे न्यायचं तो नंतर, म्हणून ५५ आधी आणि ९० मागे. लिहिताना आपण नेमका उलटा क्रम लिहितो, त्यामुळे लिस्ट वाचताना इथे थबकायला होतं. ८०५१वर काम करणाऱ्याने ही एक गोष्ट पाठच करून ठेवावी.

तुझ्या ओळीत ५५एचच्या आधी हॅशचं चिन्ह लिहायचं राहून गेलं आहे. ‘मूव्ह पी१, #५५एच’ असं हवं. हॅश नसेल तर ५५ हा आकडा राहत नाही, तो रॅममधला पत्ता होतो. दोन्ही ओळी व्याकरणाने शुद्ध, दोन्ही तीन बाइटच्या, त्यामुळे हेक्स फाइलची लांबीसुद्धा तीच राहते. असेंबलरने तक्रार करावी असं इथे काहीच नाही. तुझ्या मनात काय होतं हे त्याला कळायला मार्ग नाही, पण त्याला काय समजलं हे तो लिस्टमध्ये स्वच्छ लिहून देतो. माझ्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना पहिला आठवडा हेक्स भरूच देत नाही. आधी लिस्ट छापायची, प्रत्येक बाइट कशासाठी आहे ते पेन्सिलीने शेजारी लिहायचं आणि मगच प्रोग्रॅमर लावायचा. त्यांना ते संथ वाटतं. पण ज्याने हे एकदा मनापासून केलं, त्याला पुढे अनोळखी बोर्डाची भीती वाटत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तुझी दुसरी ओळ, ८० एफई, ही पण वाचून बघ. ८० म्हणजे छोटी उडी, एफई म्हणजे उणे दोन. ही सूचना पत्ता ३ वर सुरू होते आणि दोन बाइटची आहे, म्हणजे ती वाचून झाल्यावर चिप पत्ता ५ वर असते. पाचातून दोन गेले, पुन्हा ३. म्हणून ती जागच्या जागी फिरत राहते.

दुरुस्ती केलीस की हेक्स फाइलची पहिली ओळ अशी येईल:

:०५००००००७५९०५५८०एफई२३

०५ म्हणजे पाच बाइट, पुढचे चार शून्य म्हणजे सुरुवातीचा पत्ता, मग ०० हा ओळीचा प्रकार, मग आपले पाच बाइट आणि शेवटी २३ हा पडताळ्याचा बाइट. सगळे बाइट हेक्समध्ये मिळवले तर बेरजेचे शेवटचे दोन अंक ००च यायला हवेत. कागदावर करून बघ.

वायरिंगबद्दल दोन गोष्टी. एलईडी ५ व्होल्टकडून पिनकडे जोड, उलट नको. या चिपची पिन करंट आत ओढून घेते बऱ्यापैकी, बाहेर देते अगदी नगण्य. म्हणजे शून्य लिहिलं की दिवा लागेल आणि ५५ला पी१.१, १.३, १.५ आणि १.७ हे चार दिवे पेटतील. रेझिस्टर २.२ किलोओहमचा घे. डेटाशीटप्रमाणे एका पिनची मर्यादा १० मिलिअँपिअर असली तरी पोर्ट १ च्या आठही पिनांची मिळून १५च आहे. १ किलोओहम लावून आठही दिवे पेटवलेस तर ती ओलांडली जाते. आणि ३१ नंबरची पिन, ईए, ५ व्होल्टला जोडली आहेस ना? ती मोकळी राहिली तर चिप आतला प्रोग्रॅम सोडून बाहेरची मेमरी शोधत बसू शकते.

एफएफएच लिहिलं की असेंबलर ‘हे चिन्ह माहीत नाही’ म्हणतो, १२एच लिहिलं की चालतं. असं का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

अक्षराने सुरू होणारी गोष्ट असेंबलर नाव समजतो, अंकाने सुरू होणारी आकडा. पुढे एक शून्य लाव: ०एफएफएच. आणि चूक दाखवताना तो फाइलच्या नावापुढे कंसात ओळ आणि रकाना देतो, त्या जागी थेट जा. ‘टी२कॉन’ या टायमर २ च्या रजिस्टरलाही असाच नकार मिळाला तर घाबरू नकोस. सांगितलं नाही तर तो मूळ ८०५१चीच रजिस्टर धरून चालतो, आणि टायमर २ त्या चिपमध्ये नव्हता. एस५२ची व्याख्या-फाइल वर जोडायची, किंवा सी८ हा पत्ता स्वतः नाव देऊन लिहायचा.

लिनक्सवर एसडीसीसी या सी भाषेच्या कंपायलरबरोबर असेंबलर आपोआप मिळतो. मग वेगळा कशाला घ्यायचा?
— एक प्राध्यापक, रत्नागिरी

सर, सी वापरणार असाल तर एसडीसीसी उत्तमच, आणि जोडीला त्याचा असेंबलर. पण त्याची बोली वेगळी आहे. आकडे शून्य-एक्स लावून लिहायचे, आधी एरिया, म्हणजे मेमरीचा कुठला भाग, जाहीर करायचा आणि असेंबल झाल्यावर तुकडे जोडून हेक्स बनवणाऱ्या लिंकरचा वेगळा हुकूम द्यायचा. मुलांच्या जर्नलमधले प्रोग्रॅम इंटेलच्या पद्धतीने लिहिलेले असतात, ते तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. एएसईएमला ते चालतात. पहिल्या सत्राला मी तोच सुचवेन.

आमच्या सूत गुंडाळणाऱ्या यंत्राच्या बोर्डावर एटी८९एस५२ आहे. बनवणारी कंपनी बंद पडली, मूळ प्रोग्रॅम नाही, पण हेक्स फाइल जपून ठेवली आहे. ब्रेक थोडा उशिरा सुटायला हवा. हेक्समध्येच बदल करता येईल का?
— एक कारखानदार, इचलकरंजी

करता येईल, आणि तुम्ही फाइल जपलीत हे फार बरं झालं. या चिपला तीन लॉक बिट असतात. ते लावलेले असतील तर आतला प्रोग्रॅम वाचून काढता येत नाही, आणि पुसून लॉक काढायचं तर प्रोग्रॅमही जातो. म्हणून मूळ चिप तशीच काढून ठेवा, प्रयोग नव्या चिपवर करा.

फाइल डिसअसेंबलरमधून, म्हणजे बाइटच्या पुन्हा सूचना करून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढा. ब्रेकच्या रिलेची पिन बोर्डावर मल्टिमीटरने शोधा आणि ती पिन बदलणारी सूचना लिस्टमध्ये गाठा. तिच्या आसपास उशीर मोजणारा भाग असेल. डीएफ एफई ही जोडी दिसली तर तो आर७ हे रजिस्टर शून्य होईपर्यंत फिरणारा लूप, आणि त्याआधी ७एफच्या पुढचा बाइट ही त्याची मोजणी. ७५ ८सी आणि ७५ ८ए दिसले तर उशीर टायमर ० वर आहे, आणि तिथे आकडा कमी केल्याने वेळ वाढतो, कारण तो टायमर वर मोजत जातो. क्रिस्टलवरचा आकडाही टिपून ठेवा. १२ मेगाहर्ट्झला एक मशीन सायकल १ मायक्रोसेकंदाची असते आणि लूपची ती सूचना दोन सायकल घेते.

बाइट बदललात की त्या ओळीचा पडताळाही बदला. बाइट एकाने वाढला तर पडताळा एकाने कमी करायचा, नाहीतर प्रोग्रॅमर फाइल नाकारेल. वर सांगलीच्या मुलाला दिलेल्या ओळीत ५५चे ५६ केले तर २३चे २२ होतील.

आणि एक विनंती. नवी चिप पहिल्यांदा लावाल तेव्हा मोटरची जोडणी काढून ठेवा, रिलेचा आवाज ऐकत वेळ मोजा आणि कामगारांना यंत्रापासून लांब उभं करा. डिसअसेंबल केलेल्या लिस्टमधली ब्रेकच्या आसपासची पानं मला पाठवलीत तर मी तपासून देईन.