दिवाळीला घरी आले आणि तिकडचा हापसा बंद पडला

पत्र : मी मूळची बार्शी तालुक्यातली, वय 33. दीड वर्षापासून आफ्रिकेत मलावीमध्ये, सालिमा जिल्ह्यातल्या खेड्यांत पाणी समित्या आणि बचत गटांचं काम करते. दिवाळीला पाच आठवड्यांसाठी घरी आले आणि तिकडच्या एका गावातला हापसा बंद पडला. कुणी हात लावला नाही. परत गेले तेव्हा बायका ओढ्याकाठी खड्डे करून पाणी भरत होत्या. एका गटाच्या पेटीची चावी विश्वासाने माझ्याकडे दिलेली होती, त्यामुळे पाच आठवडे त्यांची पेटीच उघडली नाही. एका बाईला मुलाला दवाखान्यात न्यायला पैसे मिळाले नाहीत. इकडे गेल्या पावसाळ्यात आई घसरून पडली, मनगट मोडलं, आणि मला चार दिवसांनी कळलं. दादा-वहिनी पुण्यात असतात. करार सहा महिन्यांत संपतोय, संस्था आणखी दोन वर्षं थांब म्हणते. इथे असले की तिथली काळजी, तिथे असले की इथली. मी परत यावं का?

— दोन्हीकडची पाहुणी

उत्तर :

ताई, पत्रात तुम्ही तीन अपराध स्वतःच्या नावावर लिहिले आहेत. त्यातला आईचा अपघात तुमच्यामुळे झालेला नाही. उरलेले दोन तुमच्या सुट्टीमुळे फक्त उघडे पडले. तुम्ही बार्शीला आला नसतात तर हापसा तुम्ही मेकॅनिक बोलावून दुरुस्त केला असतात, पेटी दर आठवड्याला उघडली असती, आणि ती व्यवस्था तुमच्यावरच उभी आहे हे करार संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं. ते पाच आठवडे तुमच्या कामाची तपासणी होती असं धरा आणि तिच्यात जे सापडलं ते दुरुस्त करायला घ्या.

आधी हापसा. आपल्याकडे तो बिघडला की ग्रामपंचायत पंचायत समितीला कळवते, मग पथक येतं, आणि आपण वाट बघतो. ही सवय तुमच्यासोबत तिकडे गेली असावी. आपल्याकडच्या इंडिया मार्क दोन या हापशाची मुळं तुमच्याच सोलापुरात आणि जालन्यात घडवलेल्या पंपांत आहेत. दणकट यंत्र, पण उघडायला अवजारांचा संच आणि शिकलेली माणसं लागतात. मलावीतल्या खेड्यांत बहुतेक ठिकाणी अफ्रिदेव नावाचा हापसा असतो. तो 1980च्या दशकात मलावी आणि केनियात घडला तोच मुळी गावकऱ्यांनी स्वतः उघडावा म्हणून. एक पाना आणि आत पडलेला भाग वर काढायचा आकडा एवढ्यावर काम भागतं. रॉड एकमेकांत अडकवलेले असतात, पाइप न उपसता प्लंजर, म्हणजे पाणी उचलणारा दट्ट्या, वर येतो.

समितीतल्या चार बायकांना बिघाडाची ही चिन्हं ओळखायला शिकवा. सकाळी पहिलं पाणी यायला बराच वेळ हापसावं लागतं आणि मग धार नीट चालते, तर खालचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे तळाची झडप, गळतोय. त्याची ओ-रिंग (रबरी कडं) किंवा बॉबिन (झडपेचा हलणारा भाग) बघायचं. दांडा नेहमीसारखा चालतो पण धार बारीक, तर प्लंजरभोवतीचं यू-सील झिजलंय. दांडा एकदम हलका झाला आणि पाणीच नाही, तर रॉड सुटलाय. दांडा डावी-उजवीकडे डुलतो, तर दांड्याच्या सांध्यातले बेअरिंगचे बुश गेले. दर महिन्याला एक चाचणी घ्यायची: पाणी येईपर्यंत हापसायचं, अर्धा तास कुणी हात लावायचा नाही, मग मोजायचं. पाचाहून जास्त हापसे लागले तर गळती आहे. यू-सील, ओ-रिंग, बॉबिन आणि बुश वर्षातून एकदा बदलायचेच, बिघडायची वाट बघायची नाही. हे सुटे भाग समितीकडे डब्यात असले पाहिजेत, तुमच्या ऑफिसात नव्हे. बायकांच्या आवाक्याबाहेरचं काम निघालं तर त्या भागातला एरिया मेकॅनिक असतो. त्याचा नंबर समितीच्या वहीत हवा आणि मजुरी समितीनेच द्यायची. तुम्ही एकदा दिलीत की पुढे कायम तुमच्याकडेच मागतील.

वर्गणीची वेळही बघा. बऱ्याच समित्या हापसा बंद पडल्यावर पैसे गोळा करायला निघतात. ऑक्टोबरात शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो. मका निघतो एप्रिल ते जूनमध्ये, तेव्हाच प्रत्येक घराची वर्षाची वर्गणी घ्या. रोख नसेल तर मका घ्या आणि विका.

आता दिवाळीबद्दल बोलायलाच हवं. मलावीत पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे आपली दिवाळी नेमकी त्यांच्या कोरड्या मोसमाच्या शेपटाला येते. तेव्हा उन्हाचा कडाका असतो, पाण्याची पातळी सगळ्यात खाली असते, उथळ विहिरी आटलेल्या असतात, आणि दोन गावं एका हापशावर रांग लावतात. दिवसभर दांडा थांबत नाही, त्यात झिजलेलं सील जातं. मग पहिल्या पावसाबरोबर लोक पेरणीला पळतात आणि सभेला कुणी मिळत नाही. तुम्ही वर्षातला सगळ्यात नाजूक काळ सुट्टीसाठी निवडलात, आणि तोही मनापासून, कारण दिवाळीला घरी यावं हे कुणालाही वाटणारच.

पुढच्या वेळी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत या. गुढीपाडवा त्या दिवसांत आला तर तोही घरी करा. तेव्हा तिकडे पाणी मुबलक, कच्चे रस्ते चिखलाने बंद, लोक शेतात, प्रत्यक्ष कामाचे दिवस थोडे. पण हाच मका संपलेला, उपासमारीचा काळ असतो, म्हणून गटाच्या सामाजिक निधीतून, म्हणजे अडीअडचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशातून, कुणाला किती आणि कशासाठी द्यायचं याचे नियम नोव्हेंबरच्या आत गटाकडून ठरवून घ्या.

पेटीचं मात्र थांबू नका. ह्या आठवड्यात चावी परत करा. तुमच्यावरचा तो विश्वास फार मोठा आहे, तो नाकारताना तुम्हाला वाईट वाटेल, तरीही करा. आपल्याकडच्या गटाचा पैसा बँकेत असतो, पासबुक असतं, कर्ज बँकेतून येतं. तिकडच्या गटाची घडण वेगळी आहे. ती 1991 मध्ये नायजर देशात 'केअर' संस्थेने सुरू केलेल्या कामातून आली. गटात पंधरा ते पंचवीस जणी, तीन कुलपांची पेटी, प्रत्येकीने सभेत बचतीचे एक ते पाच शेअर (ठरावीक रकमेचे हिस्से) घ्यायचे, कर्ज त्याच पैशातून, आणि वर्षाच्या शेवटी सगळं आपसात वाटून पेटी रिकामी. बँक लांब असूनही हे चालतं, कारण सगळा व्यवहार सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो. तीन चाव्या तीन वेगळ्या घरांतल्या, पदाधिकारी नसलेल्या सभासदांकडे असायला हव्यात, आणि पेटी चौथीकडे. किल्लीवाली आजारी पडली तर ती कुणाच्या हाती किल्ली पाठवणार हेही आधी ठरवून ठेवायचं. सभा संपताना पेटीत किती उरलं ते सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं आणि पुढच्या सभेत वही उघडण्याआधी आठवून सांगायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं हेच संरक्षण आहे. बाहेरच्या माणसाच्या हातात एक चावी आली की ही साखळी तुटते, तो माणूस कितीही प्रामाणिक असो. मुलाला घेऊन अडकलेल्या त्या बाईला स्वतः जाऊन भेटा, चूक झाली म्हणा. पैसे देऊ नका, भरपाई सामाजिक निधीतून द्यायची का ते गटाला ठरवू द्या.

इतर कुणी पैसे मागितले तर? तुम्ही 'म्वेन्ये' म्हणजे भारतीय, आणि तिकडे भारतीय म्हटलं की पैसेवाला दुकानदार डोळ्यांसमोर येतो, म्हणून मागणारच. गावात मयत झालं की द्यायच्या वर्गणीसाठी महिन्याची एक रक्कम बाजूला काढा. मयत झालं की त्या दिवशी काम बंद ठेवून जायचंच, ते चुकवू नका. हातउसनं मात्र कुणालाच नाही.

आईकडे वळू. चार दिवसांनी कळलं, कारण 'तिला कशाला काळजीत टाकायचं' असं घरात कुणीतरी ठरवलं. हे दादाशी भांडून सुटणार नाही, शेजारच्या एका माणसाला नेमून सुटेल. आईचे डॉक्टर, औषधांची यादी, दादाचा आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे लिहून द्या आणि 'पडली, दवाखान्यात नेली, ताप दोन दिवस उतरला नाही' यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी तुम्हाला कळवायचं असं वचन घ्या. न्हाणीघरात पकडायला लोखंडी दांडा आणि खडबडीत फरशी ही दोन कामं ह्याच महिन्यात दादाकडून करून घ्या. मलावी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. इकडे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे साडेचार, गावाहून परतायची वेळ. रोज तेव्हाच फोन करा. एखाद दिवशी फोन आला नाही तरी आई घाबरणार नाही, आणि सलग दोन दिवस चुकला तर दोघींनाही कळेल की विचारायला हवं.

कराराबद्दल माझं मत: दोन वर्षं घेऊ नका, एक वर्ष घ्या. पहिल्या दिवसापासून तुमच्या जागी येणारी स्थानिक सहकारी नावानिशी नेमून मागा आणि घरी यायचं एक तिकीट असेल तर दोन मागा. या वर्षात मुद्दाम तीन आठवडे दुसऱ्या तालुक्यात काम लावून घ्या आणि परत येऊन बघा काय चाललं, काय थांबलं. जिथे थांबलं तिथे उरलेले महिने घालवा. लग्नाचा विषय घरात निघाला असेलच. त्याचं उत्तर या कराराला बांधू नका.

घरच्या दोन फेऱ्यांमुळे आयकराची अडचण नको, म्हणून 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात भारतातले एकूण दिवस 182 च्या आत ठेवा. बँकेतलं साधं बचत खातं अजून एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) केलं नसेल तर करून घ्या, परदेशी नोकरीला गेल्यावर ते करावं लागतं.

प्रवास बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे होत असेल. इथिओपिया आणि केनिया ही दोन्ही पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेली राष्ट्रं. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तर भारतात सहसा सूट मिळते, पण विमान चुकलं आणि कंपनीने शहरातल्या हॉटेलात ठेवलं की लसीच्या प्रमाणपत्राशिवाय मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच मिळते, दहा दिवसांनी लागू होते आणि आयुष्यभर चालते. लसीच्या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत ठेवा.

सालिमा तळ्याकाठी आहे. पाण्यात उतरला असाल तर दीड-दोन महिन्यांनी बिल्हार्झियाची (तळ्याच्या पाण्यातून होणारा जंतांचा आजार) तपासणी करून घ्या. आणि मलेरियाच्या गोळ्या घरी पोचल्यावर थांबवू नका: डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर मलेरियाचा भाग सोडल्यावरही चार आठवडे, अॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. बार्शीत ताप आला तर आई काढा देईल आणि हवा बदलली म्हणेल. तिला आधीच सांगून ठेवा की परत आल्यानंतरच्या काही महिन्यांत आलेला कुठलाही ताप त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की मुलगी आफ्रिकेतून आली आहे.