सुमारे ४० हजार फाइलींचा गाण्यांचा संग्रह नाशिकच्या फ्लॅटमध्ये नीट ऐकायचा आहे. कोणती यंत्रणा घ्यावी?

तुमची माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गंगापूर रोडला फ्लॅट, हॉल १६ बाय १० फुटांचा. दोन पोर्टेबल हार्ड डिस्कवर मिळून १.६ टीबी संगीत, निम्म्याहून जास्त फ्लॅक (दर्जा न घटवता आवळलेल्या फाइली), बाकी एमपी३; मुख्यतः ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं, अभंग. जुन्या होम थिएटरला डिस्क लावली की थोड्याच फाइली दिसतात, नावांच्या जागी चौकोन येतात आणि दोन ट्रॅकच्या मधे आवाज तुटतो. बजेट ६० हजार. मोबाइलवरून चाललं पाहिजे, आईलाही जमलं पाहिजे. साउंडबार घ्यावा का, असंही विचारलंय.

साउंडबार या कामासाठी नको. तो टीव्हीसाठी बनलेला असतो, डावा-उजवा आवाज हातभर अंतरात कोंबलेला. त्यावर ब्लूटूथने गाणं पाठवलं की फ्लॅक फाइल वाटेत दर्जा घटवून पुन्हा आवळली जाते, आणि फोन आला की गाणं थांबतं. माझा सल्ला असा, की आधी संग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर ठरवा, मग ते चालवणारं यंत्र, आणि पैशांचा मोठा वाटा स्पीकरवर घाला. ६० हजारांचे वाटे साधारण असे: स्पीकर आणि स्टँड २८, अँप्लिफायर १४, प्लेअर आणि डॅक (डिजिटल फाइलीचं अँप्लिफायरला लागणाऱ्या संकेतात रूपांतर करणारा डबा) ११, बॅकअपची डिस्क ७.

होम थिएटरला तुमची डिस्क का पेलत नाही, ते समजलं तर पुढची खरेदी चुकणार नाही. त्याचं यूएसबी पोर्ट पेनड्राइव्हवरची शे-दोनशे गाणी वाजवण्यापुरतं दिलेलं असतं. बरीच मॉडेलं फक्त फॅट३२ फॉरमॅट वाचतात आणि फोल्डर-फाइलींच्या संख्येला मर्यादा असते. त्यांच्यात सूची नसते, म्हणून गायकावरून किंवा रागावरून शोधता येत नाही. देवनागरीचा फाँट नसतो, म्हणून चौकोन दिसतात. आणि एक फाइल संपल्यावरच पुढची उघडली जाते. सिनेमाच्या गाण्यांत हे खपून जातं. पण सीडीवर आलाप एका ट्रॅकवर आणि जोड पुढच्या ट्रॅकवर असेल तर मधे तानपुराच बंद पडतो. म्हणून दुकानात कोणतंही यंत्र बघताना ‘गॅपलेस प्लेबॅक (दोन ट्रॅकमधे खंड न पडता वाजवणं) आहे का’ हा पहिला प्रश्न विचारा, आणि तोंडी उत्तरावर समाधान न मानता असे दोन जोडलेले ट्रॅक लावून बघा.

तुमच्या संग्रहाला मी लिरियन म्युझिक सर्व्हर सुचवीन. हाच पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर (एलएमएस). फुकट आहे, ४० हजार फाइली सहज सांभाळतो, देवनागरी नीट दाखवतो आणि गॅपलेस वाजवतो. तो २ जीबी मेमरीच्या रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर पायकोअरप्लेअर नावाच्या प्रणालीत चालवा. ही प्रणाली सुरू होताना मेमरीत उतरते, त्यामुळे अचानक लाईट गेली तरी एसडी कार्ड सहसा बिघडत नाही. मे-जूनच्या वळवात दिवसातून दोनदा लाईट जाते तेव्हा याचं मोल कळतं. वाजत असताना डिस्कवर काही लिहायची गरज नसते, म्हणून ती फक्त वाचण्यापुरती जोडली तर आणखी उत्तम.

बसवायचा क्रम असा. पायकोअरप्लेअरची इमेज (प्रणालीची तयार फाइल) ८ जीबीच्या कार्डावर लिहा. पायला राउटरची लॅन केबल लावून सुरू करा आणि त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडा. सगळ्यात आधी ‘रिसाइझ एफएस’ करून कार्डावरची जागा वाढवा. ही पायरी सुटली की सर्व्हर जागेअभावी बसतच नाही आणि बहुतेकजण नेमके इथेच अडकतात. मग एलएमएस टॅबमध्ये जादा फाइल सिस्टिमचं पॅकेज घ्या, कारण तुमच्या डिस्क विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटच्या असणार. डिस्क माउंट करा (म्हणजे प्रणालीला वापरायला जोडून द्या), सर्व्हर बसवा, आउटपुट म्हणून यूएसबी डॅक निवडा, सर्व्हरला संगीताचं फोल्डर दाखवा आणि शेवटी बॅकअपचं बटण दाबून सेटिंग जतन करा. ते राहिलं तर रीबूटनंतर पाटी पुन्हा कोरी. पहिल्या स्कॅनला वेळ लागतो, तो मधेच थांबवू नका.

विजेकडे नीट लक्ष द्या. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टरच हवा, मोबाइलचा जुना चार्जर चालत नाही. त्याची चारही यूएसबी पोर्टं मिळून १.२ अँपिअर देतात. पोर्टेबल हार्ड डिस्क सुरू होताना एकटीच बराच करंट ओढते, त्यात डॅकही त्याच पायवर. मग डिस्कमधून टिकटिक येते, ती दिसेनाशी होते आणि माणूस डिस्क गेली म्हणून घाबरतो. दोन डिस्क लावायच्या असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. दोन्हींतला माल एकाच मोठ्या डिस्कवर आणता आला तर त्याहून बरं.

डिस्क प्लेअरलाच जोडलेली असल्यामुळे वायफायवरून फक्त मोबाइलचे हुकूम जातात, संगीत जात नाही. काँक्रीटच्या भिंतींमुळे गाणं अडकण्याचा प्रश्नच मिटतो.

एवढी खटपट नको असेल तर वीम अँपसारखं तयार यंत्र आहे: स्ट्रीमर (नेटवर्कवरून संगीत वाजवणारा भाग), डॅक आणि ८ ओहमला ६० वॅटचा अँप्लिफायर एकाच डब्यात, डिस्कसाठी यूएसबीही. आठवडाभरात गाणी ऐकायची असतील तर हा सरळ रस्ता. पण संग्रह बारकाईने चाळण्यात लिरियन फार पुढे आहे, आणि तुमच्या संग्रहाला तीच गरज आहे.

डॅकवर जास्त पैसे घालू नका. पायचं स्वतःचं हेडफोनचं छिद्र मात्र वापरू नका, त्याचा आवाज खरबरीत असतो. पाच-सहा हजारांचा साधा यूएसबी डॅक पुरे. सीडीवरचं संगीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झचं असतं. तासाभराचं फ्लॅक सुमारे ३०० ते ३५० एमबी. तुमचा बहुतेक माल हाच. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेल्या गाण्यांत तर वरचे स्वरांश मुळातच नोंदलेले नाहीत, ३८४ किलोहर्ट्‌झचा डॅक ते कुठून आणणार?

अँप्लिफायर ४०-५० वॅटचा पुरे. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॅटला एक मीटरवर येणाऱ्या आवाजाचं माप) स्पीकर घरातल्या नेहमीच्या आवाजाला सरासरी एक-दोन वॅटसुद्धा घेत नाही. बाकीची ताकद तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी. यामाहा, मरांझ, केंब्रिज ऑडिओ यांचे सुरुवातीचे दोन वाहिन्यांचे अँप्लिफायर किंवा टीपीए३२५५ चिपवरचे छोटे क्लास-डी अँप्लिफायर, दोन्ही चालतील. पाच वाहिन्यांचा रिसीव्हर नको, त्याच पैशात पाच ठिकाणी काटकसर झालेली असते.

स्पीकर बुकशेल्फ (छोट्या पेटीचे) घ्या, साडेसहा इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणारा पडदा), ५५ हर्ट्‌झच्या आसपास उतरणारे. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्‌झवर असतो; चार इंची वूफरमधून तो बारीक होऊन येतो आणि डग्ग्याची घुमही हरवते. सबवूफरची गरज नाही. दुकानात जाताना स्वतःची तीन गाणी न्या: तानपुरा स्पष्ट ऐकू येणारा एक विलंबित ख्याल, ऑर्गन-तबल्यासह एक जुनं नाट्यगीत, आणि बाईच्या आवाजातलं एक भावगीत. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील तर तो स्पीकर तिथेच सोडा, घरच्या फरशीवर तो आणखी टोचेल. कॉलेज रोडच्या बाजूला आवडीचं मिळालं नाही तर मुंबईला एक चक्कर मारा, पण न ऐकता स्पीकर घेऊ नका. जुने घेणार असाल तर वूफरची कड फोमची आहे का बघा. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात फोम काही वर्षांत भुगा होतो, रबर टिकतं.

आता खोली, कारण तुमच्या हॉलच्या मापात एक गोम आहे. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. या लांबीत ध्वनीची पहिली स्थिर लहर सुमारे ३५ हर्ट्‌झवर आणि दुसरी ७० वर बनते. म्हणजे तानपुऱ्याच्या खर्जाशी जवळजवळ जुळते. या दुसऱ्या लहरीचा जोर दोन्ही टोकांच्या भिंतींजवळ आणि बरोबर मध्यावर सर्वांत जास्त असतो. टोकापासून चार फुटांवर ती जवळपास ऐकूच येत नाही. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल, बहुतेक घरांत असतोच, तर खर्ज घुंघुं करत सगळ्या गायनावर पसरेल आणि दोष स्पीकरला लागेल. टीव्हीच्या १० फुटी भिंतीकडे स्पीकर ठेवा, भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, एकमेकांत सहा फूट. सोफा इतका पुढे घ्या की कान मागच्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर येतील, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांशावर. तिथे दोन्ही लहरी मध्यम राहतात. सोफा हलणारच नसेल तर पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये (हव्या त्या पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारी सोय) ७० हर्ट्‌झला अरुंद पट्ट्यात ४ ते ६ डेसिबल कमी करा. मूड या पायच्या दुसऱ्या प्रणालीत आणि वीमच्या ॲपमध्ये ही सोय आहे.

ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला हवा. सोफ्यावर बसणार असाल तर स्टँड २४ ते २६ इंच, खाली बैठक असेल तर १८ ते २०. महागडे स्टँड मागवण्यापेक्षा सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी लोखंडी पाइपचे करून घ्या आणि पाइपात पूर्ण वाळलेली रेती भरा, नळी घणघणत नाही. फरशीवर स्पीकर आणि सोफ्याच्या मधे जाड सतरंजी, खिडकीच्या काचेवर जाड पडदा.

स्पीकरची वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन अडथळा ०.१३ ओहमच्या आसपास भरतो, ६ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. लाल-काळं दोन्हीकडे सारखं जोडा. एका बाजूला उलटं झालं तर खर्ज गायब होतो आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही. जुनं मोनो गाणं लावा: गाणारा बरोबर मधे ऐकू आला पाहिजे.

यंत्र आलं तरी निम्मं काम टॅगचं, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या गायक-राग अशा माहितीचं, उरतं. एकच गायक ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतला, असा तिघांत वाटला गेलेला असतो. एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी नावं एकाच वळणाची करा, उपाध्या गाळा. फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवा, टॅग देवनागरीत. जुन्या मराठी फाँटांमध्ये टाइप केलेली नावं अगम्य चिन्हांत दिसतील. ती दुरुस्त करत बसू नका, फाइलीच्या नावावरून टॅग नव्याने भरा. रागासाठी मला सोयीचा वाटतो तो मार्ग म्हणजे जॉनर (संगीतप्रकार) या रकान्यात अनेक नोंदी करणं: ‘ख्याल’, ‘राग तोडी’, ‘प्रहर सकाळ’. एमपी३टॅगमध्ये दोन नोंदींमधे दोन उलट्या तिरक्या रेघा दिल्या की त्या वेगळ्या धरल्या जातात. मग सकाळी मोबाइलवर ‘प्रहर सकाळ’ दाबलं की तोडी, भैरव, ललत समोर येतात.

जुन्या नाट्यगीतानंतर नवं रेकॉर्डिंग लागलं की दचकायला होतं, त्यासाठी फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये रिप्लेगेन (आवाजाची पातळी सारखी करायचं माप) मोजून घ्या. ख्यालाच्या अल्बमला अल्बम गेन (सगळ्या अल्बमला एकच माप) लावा. ट्रॅक गेन (प्रत्येक ट्रॅकला वेगळं माप) लावलात तर विलंबित आणि द्रुत एकाच पातळीला येऊन चढत जाणारी मैफल सपाट होते.

बॅकअपसाठी वेगळी घेतलेली डिस्क केवळ त्याच कामाला, महिन्यातून एकदाच जोडायची आणि कपाटात ठेवायची. बॅकअपला हार्ड डिस्कच घ्या; एसएसडी बराच काळ विजेविना पडून राहिली तर तिच्यातला डेटा उडू शकतो. कॉपी झाल्यावर फ्लॅक फाइली तपासा: प्रत्येकीत मूळ ध्वनीची एमडी५ खूण असते, फूबारचा तपासणीचा पर्याय ती ताडून खराब फाइल दाखवतो. हे काम मूळ डिस्क शाबूत आहे तोवरच करायचं.

आईंसाठी लिरियनच्या मटेरियल स्किनचं (ब्राउझरमधून गाणी निवडायच्या मांडणीचं) पान त्यांच्या मोबाइलच्या होम स्क्रीनवर ठेवा आणि फेव्हरिट्समध्ये चारच नोंदी करा: अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, सकाळचे राग. अँप्लिफायरचं आवाजाचं बटण एका जागी लावून त्यावर रंगाची खूण करा, रोजचा आवाज मोबाइलवरून कमी-जास्त होऊ द्या. सुरू करताना अँप्लिफायर शेवटी, बंद करताना आधी, नाहीतर स्पीकरमधून ठप्पकन आवाज येतो. सगळं अर्थिंग असलेल्या एकाच सॉकेटवरून स्पाइक गार्डमार्फत घ्या. वेगवेगळ्या सॉकेटवर असलं की ५० हर्ट्‌झची गुणगुण लागण्याची शक्यता वाढते. तरीही ती आली तर टीव्हीची केबलची वायर आधी काढून बघा, बऱ्याचदा ती तिथूनच येते.