बाहेरच्या राज्याची फी आणि मेरिट स्कॉलरशिप

प्रश्न : ताई, मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९२ टक्के, अमेरिकेतल्या अ‍ॅडमिशनसाठीची परीक्षा एसएटी, तिच्यात १४१०. अमेरिकेत सरकारी युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स करायचंय. एक कन्सल्टंट म्हणतात निम्मी फी स्कॉलरशिपमध्ये नक्की सुटेल. माझी बहीण सॅन होजेला असते, तिच्याकडे राहिली तर कॅलिफोर्नियातल्या मुलांची फी लागेल का? मिस्टर तीन वर्षांत रिटायर होतायत, राहता फ्लॅट तारण ठेवायचं चाललंय. – एक आई, मुलुंड

उत्तर : आधी मावशीचं सांगते, नाही लागणार. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुलगी मावशीकडे राहिली काय नि हॉस्टेलला राहिली काय, फी राज्याबाहेरच्या मुलांचीच. राहण्या-जेवणाचा खर्च वाचेल, तो काही कमी नाही, पण तेवढंच. आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२४-२५ ला बाहेरच्यांकडून वरची जादा फीच ३४,२०० डॉलर घेत होते. शिवाय तिथे अ‍ॅडमिशनला एसएटी बघतच नाहीत, म्हणजे तिच्या १४१० चा उपयोगही नाही. मावशीच्या ओढीने कॅलिफोर्निया धरून बसू नका.

आता ‘नक्की’चं. सरकारी युनिव्हर्सिटी त्या त्या राज्याच्या करावर चालते, म्हणून तिथल्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना दुप्पट-तिप्पट, आणि परदेशी मुलं बाहेरच्यांतच धरतात. मग ज्या युनिव्हर्सिटीकडे पूर्ण फी भरायला बाहेरचे रांग लावून उभेच असतात ती तुम्हाला सूट कशाला देईल? सूट देते ती अशी, जिला बाहेरची हुशार मुलं हवीयत. म्हणून चान्स किती हे मुलीच्या मार्कांपेक्षा तुम्ही अर्ज कुठे करता यावर जास्त ठरतं, हे कृपा करून मनात पक्कं धरा.

काही ठिकाणी सरळ कोष्टक असतं, एवढे मार्क, एवढी एसएटी, एवढे डॉलर. अलाबामा युनिव्हर्सिटी त्यासाठी ओळखली जाते. तिथे परदेशी मुलांचे नियम वेगळे वाचा. टेक्सासचा एक नियम मला फार आवडतो, वर्षाला निदान १,००० डॉलरची स्पर्धेतून मिळालेली स्कॉलरशिप असेल तर युनिव्हर्सिटी बाहेरच्या मुलाला राज्यातल्यांची फी लावू शकते, परदेशी मुलालासुद्धा. त्याला मर्यादा आहे, सगळ्यांना मिळत नाही, पण मिळाली तर हजार डॉलरच्या मागे कितीतरी हजार वाचतात.

चान्स स्वतः काढायचा एक रस्ता सांगते, रविवारी मुलीला घेऊन बसा. बहुतेक युनिव्हर्सिट्या दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची फाइल वेबसाइटवर टाकतात. त्यात बी२ नावाच्या भागात परदेशी मुलं एकूण किती ते असतं, आणि एच६ या भागात त्यातल्या किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती डॉलर ते. समजा बी२ मध्ये पदवीची २,००० परदेशी मुलं आहेत आणि एच६ मध्ये १००, म्हणजे वीसात एक. दुसरीकडे ६०० पैकी ३०० असतील तर निम्म्यांना. मग सी९ बघा, पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांच्या एसएटीचा पट्टा दिलेला असतो, १४१० त्याच्या वरच्या टोकाला बसत असेल तर आशा धरा, मधोमध असेल तर धरू नका. एच६ चा रकाना कोरा असेल तर ईमेल करून विचारा.

स्कॉलरशिपचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, उरलं किती ते मोजा. एकीकडे वर्षाचा सगळा खर्च ५५,००० डॉलर आणि स्कॉलरशिप २०,०००, दुसरीकडे खर्च ४०,००० आणि स्कॉलरशिप ८,०००, तर पहिलीत ३५,००० भरायचे आणि दुसरीत ३२,०००, चार वर्षांत १२,००० डॉलरचा फरक. ‘निम्मी फी’ म्हणतात तेव्हा हॉस्टेल, जेवण, इन्शुरन्स त्यात धरलेलं असतं का हे त्या कन्सल्टंटना तोंडावर विचारा. आणि चारही वर्षं मिळणार का, त्यासाठी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, किती ठेवावा लागतो, हे युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या. पहिल्या सेमिस्टरला घरची आठवण, थंडी, नवी पद्धत, त्यात मार्क घसरले आणि स्कॉलरशिप गेली तर पुढची तीन वर्षं कोण भरणार?

फ्लॅटबद्दल कळकळीने सांगते, ऑफर लेटर हातात येईपर्यंत एकाही कागदावर सही करू नका. मिस्टरांच्या रिटायरमेंटनंतर हप्ते त्याच घरावर येणार आहेत.

तारखांचं मात्र आत्ताच बघा. कॉमन अ‍ॅप, म्हणजे पुष्कळ युनिव्हर्सिट्यांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं आणि पुष्कळ ठिकाणी स्कॉलरशिपसाठीची मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास असते, अ‍ॅडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या बरीच आधी. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनियर कॉलेजात, म्हणून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे चारही वर्षांच्या मार्कांचा दाखला, दोन ऑफिसांतून काढावं लागतं, शिक्क्यासह. टक्क्यांचं जीपीए स्वतः करू नका, मार्क आहेत तसेच द्या. शाळेत गणपतीच्या सुट्टीआधी जाऊन या, नंतर सहामाही सुरू झाली की क्लार्कबाईंना वेळ नसतो.