मानव्यविद्येच्या प्राध्यापकांनी विद्यापीठाबाहेरचा संशोधन निधी कुठे आणि कसा शोधावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही विद्यापीठात इतिहास शिकवता, पुढच्या पुस्तकाचा विषय पक्का आहे, पण विद्यापीठाकडे पैसे नाहीत आणि निधीच्या याद्या उघडल्या की सगळं विज्ञानवाल्यांसाठीच आहे असं वाटतं. मी स्वतः असे अर्ज केले आहेत, काही मंजूर झाले, काही परत आले. पुढे दुसऱ्यांचे अर्ज वाचणाऱ्या समितीवरही काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो.

त्या याद्या तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या विषयावर अलीकडच्या काळात आलेली चांगली पुस्तकं काढा आणि त्यांतले ऋणनिर्देश नीट वाचा. अमुक फाउंडेशनने वर्षभराची फेलोशिप दिली, तमुक ग्रंथालयाने दोन महिने राहण्याचा खर्च उचलला, हे लेखक तिथे नावानिशी लिहितात. लेखांमध्ये हीच माहिती बहुधा पहिल्या तळटीपेत सापडते. एका वहीत तीन रकाने आखा: पैसे कोणी दिले, कशासाठी दिले, आणि तेव्हा लेखक पीएचडीनंतर किती वर्षांवर होता. तिसरा रकाना गाळू नका, कारण बऱ्याच योजनांची पात्रता त्यावरच ठरते. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतरच्या संशोधनाची ८ वर्षांची मर्यादा आहे. ती उलटून गेली असेल तर त्या अर्जामागे लागण्यात अर्थ नाही.

मग त्या संस्थांच्या वेबसाइटवर जाऊन आधी मंजूर झालेल्या प्रकल्पांची शीर्षकं आणि गोषवारे वाचा. संस्थेला नेमकं काय आवडतं ते जाहिरातीतल्या गोलमोल शब्दांतून कळत नाही, या यादीतून कळतं.

आता स्वतःला विचारा, मला हवंय काय? वेळ, साधनं (म्हणजे जुनी कागदपत्रं, संग्रह) की माणसं? आपल्यापैकी बहुतेकांना वेळ हवा असतो, म्हणजे शिकवण्यातून सुटका आणि सलग काही महिने. तेव्हा मोठ्या प्रकल्पांपेक्षा फेलोशिपकडे बघा. जर्मनीतल्या हुम्बोल्ट फाउंडेशनची संशोधन फेलोशिप सगळ्या विषयांना खुली आहे आणि अर्ज वर्षभर कधीही करता येतो. फक्त तिथला एखादा प्राध्यापक यजमान म्हणून तयार हवा. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये ऐतिहासिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. हंटिंग्टन, न्यूबेरी यांसारखी तिथली ग्रंथालयं आपल्याच संग्रहावर काम करायला येणाऱ्यांना थोड्या मुदतीच्या फेलोशिप देतात. रक्कम छोटी असते, पण नंतरच्या मोठ्या अर्जात अशी फेलोशिप फार उपयोगी पडते.

इतिहासवाल्यांनी ड्युसेलडॉर्फच्या गेर्डा हेंकेल फाउंडेशनकडे आवर्जून बघावं. १९७६ मध्ये लिझा मास्केल यांनी आईच्या स्मरणार्थ ती काढली आणि तिचा भर ऐतिहासिक मानव्यविद्यांवरच आहे. तिच्या संशोधन अनुदानाला राष्ट्रीयत्वाची अट नाही. विज्ञानाशी स्पर्धा नाही, आपला विषय महत्त्वाचा का हे पहिल्यापासून पटवावं लागत नाही, ही केवढी सोय आहे ते समितीवर बसल्यावर मला कळलं.

साधनं जपायची असतील तर धोक्यात आलेल्या संग्रहांसाठी ब्रिटिश लायब्ररीचा २००४ पासून चालू असलेला एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम आहे. मूळ कागदपत्रं त्याच देशात राहतात, बाहेर जातात त्या डिजिटल प्रती. लोप पावणाऱ्या भाषांच्या नोंदींसाठी एन्डेंजर्ड लँग्वेजेस डॉक्युमेंटेशन प्रोग्राम आहे. मानववंशशास्त्राकडे झुकणारा विषय असेल तर वेनर-ग्रेन फाउंडेशन २५,००० डॉलरपर्यंत देतं, पण त्यातून अर्जदाराचा पगार निघत नाही आणि विद्यापीठाला वरखर्चही (जागा, वीज, कार्यालय अशा सामायिक खर्चाचा वाटा) मिळत नाही. हे विद्यापीठाच्या कार्यालयाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर सहीच्या वेळी फाइल अडते.

युरोपियन रिसर्च कौन्सिलची मोठी अनुदानं मानव्यविद्येलाही मिळतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या संशोधकाला ५ वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत. राष्ट्रीयत्व कोणतंही चालतं, काम मात्र युरोपियन युनियनमधल्या किंवा तिच्याशी संलग्न देशातल्या संस्थेत करावं लागतं. एवढा पैसा आला की त्याबरोबर नेमणुका, हिशेब आणि अहवालही येतात. एकट्याने लिहायचं पुस्तक असेल तर ही वाट धरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्जाबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगतो, ती म्हणजे पहिला परिच्छेद. समितीत तुमच्या विषयाचा माणूस एखादाच असतो, बाकीचे तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, कला-इतिहास असे कुठले कुठले. त्यांच्यापुढे पुष्कळदा असं काही येतं: ‘प्रस्तुत संशोधनात एकोणिसाव्या शतकातील कौटुंबिक अर्थव्यवहाराच्या विविध पैलूंचा आंतरविद्याशाखीय दृष्टिकोनातून अभ्यास करण्याचे योजिले आहे.’ यात प्रश्नच नाही. तोच प्रकल्प असा लिहून बघा: ‘घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या बाईचा घरातल्या पैशावर अधिकार होता का? एकोणिसाव्या शतकातल्या तीन कुटुंबांच्या वह्यांमध्ये नोंद कोणी केली आणि मंजुरी कोणी दिली, हे हस्ताक्षरावरून वेगळं काढता येतं. या वह्या आजवर खाजगी संग्रहात होत्या. त्या बघण्याची परवानगी मला मिळाली आहे.’ प्रश्न आला, पुरावा आला, हे आजवर का झालं नाही आणि तुम्हालाच का जमेल तेही आलं. दुसऱ्या विषयाचा परीक्षकसुद्धा असा अर्ज पुढे वाचतो.

बजेटमध्ये आपले लोक उगाच संकोचतात. कागदपत्रांच्या प्रती, लिप्यंतर, अनुवाद, चित्रं छापण्याचे हक्क, शिकवायला बदली माणूस, हे सगळे खरे खर्च आहेत. योजनेत चालत असतील तर मांडा आणि प्रत्येकासमोर एका ओळीत कारण लिहा. कमी मागितलं म्हणून अर्ज मंजूर होत नाही. उलट एवढ्यात हे काम होणार कसं, अशी शंका परीक्षकाला येते.

योजनेच्या अधिकाऱ्याला ईमेल करायला लाजू नका. विषय पाच ओळींत सांगा आणि ‘हे तुमच्या कक्षेत बसतं का’ एवढंच विचारा. उत्तर ‘नाही’ असं आलं तरी काही आठवड्यांचं काम वाचतं. यजमान प्राध्यापकाला लिहिताना त्यांचं काम वाचल्याचं पत्रातून दिसलं पाहिजे.

एकाच दारावर विसंबून राहू नका. मानव्यविद्यांना निधी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीजने, एप्रिल २०२५ मध्ये आधी मंजूर केलेली अनुदानंही मोठ्या संख्येने रद्द केली. चालू कामं तिथल्या तिथे थांबली.

अर्ज परत आला म्हणजे काम वाईट, असंही नाही. ब्रिटिश अकॅडमी या ब्रिटनमधल्या मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांच्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या छोट्या अनुदानांसाठी २०२२ मध्ये एक प्रयोग सुरू केला: गुणवत्तेच्या कसोटीला उतरलेल्या अर्जांमधून सोडत काढायची. चांगल्या अर्जांमध्ये आणखी बारीक क्रम लावणं कठीण असतं, हे समितीवर मीही पाहिलं आहे. तेव्हा परीक्षकांचे शेरे मागून घ्या. दोघांनी एकच शंका काढली असेल तर तो भाग नव्याने लिहा आणि दुसरीकडे पाठवा. त्याच संस्थेकडे परत जायचं असेल तर आधी नियम बघा. युरोपियन रिसर्च कौन्सिलमध्ये पहिल्या टप्प्यात खालची श्रेणी मिळाली तर पुढच्या फेरीत अर्ज करायलाच बंदी येऊ शकते.

आणि याच आठवड्यात विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयात जाऊन त्यांची अंतर्गत मुदत विचारा. ती निधी देणाऱ्या संस्थेच्या मुदतीच्या बरीच आधी असते.