धातुभक्षी? छे, पादप!

'मातीतलं निकेल पानांत साठवणाऱ्या झाडांना "धातुभक्षी वनस्पती" म्हणावं का?' असा प्रश्न आहे. म्हणू नये. हल्ली हा शब्द इतक्यांदा कानावर पडतो, की वाटावं झाड रात्री उठून दगड कडाकडा चावत असेल. 'निकेल' हे नाव जर्मन खाणकामगारांच्या खट्याळ भुतावरून पडलं, हे आता सगळ्यांना पाठ आहे; ते सोडतो.

खरी गंमत आपल्याच घरात पडून आहे: पादप. पादैः पिबति, पायांनी पितो तो. पाय म्हणजे अर्थात मुळं. सर्पेंटाइनसारख्या खनिजात निकेल अडकलेलं असतं तोवर मुळाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पाऊस, मातीतले सूक्ष्मजीव, मुळांतून पाझरणारी आम्लं दगडाला झिजवतात, निकेलचे आयन पाण्यात उतरतात आणि मूळ तेवढेच घेतं. पुढे सायट्रेट, हिस्टिडीन अशा झाडातल्याच रेणूंचा हात धरून ते जलवाहिन्यांतून वर चढतं आणि पानांतल्या पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे पेशीच्या आतल्या साठवणीच्या पिशव्यांत, जाऊन बसतं. (भरल्या कोठाराला 'रिक्तिका' म्हणणाऱ्या परिभाषाकारांना दंडवत.) यात चावणं कुठे आलं?

परवा एका जाणकारांनी मला ठासून सांगितलं, की पादपातला हा 'प' नृप-भूपांतला, रक्षण करणारा. 'पा' धातू दोन आहेत, एक पिण्याचा, एक रक्षणाचा (व्याकरणातले धातू, निकेल नव्हे), हे कबूल. पण महाराज, पायांचं रक्षण करते ती पादुका! मधुप मध पितो, द्विप म्हणजे हत्ती सोंडेने आणि तोंडाने असं दोनदा पितो; मग झाडानेच तेवढं राज्य का करावं?

पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचं पिक्नान्ड्रा अक्युमिनाटा हे झाड पाहा. सालीला चीर दिली की निळसर हिरवा चीक ओघळतो. तो वाळवला की वजनाचा साधारण चौथा हिस्सा निकेल! 'हायपरअॅक्युम्युलेटर' (धातूचा अतिसंचय करणारी वनस्पती) ही संज्ञा १९७६ साली याच झाडावरच्या लेखातून रूढ झाली.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. वाळलेल्या पानांच्या किलोमागे एक ग्रॅमहून जास्त निकेल साठवणाऱ्या झाडाला 'अतिसंचयी' म्हणा, चालेल. मला विचाराल तर मधुपाच्या चालीवर 'धातुप'. नृपवाले त्याचा अर्थ 'धातूचा रक्षक' असा लावतील. रिक्तिकेत कुलूपबंद केलेलं निकेल पाहता तोही अगदीच चुकीचा नाही, पण हे मी त्यांना सांगणार नाही.