10.5 इंची बॅरलच्या एआर-15 रायफलवर सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) लावल्यापासून गॅस तोंडावर येतो, मधूनच काडतूस भरत नाही. बफर जड करू की ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक बसवू?

गॅस ब्लॉक, म्हणजे बॅरलमधला गॅस बोल्ट हलवायला वळवणारा तुकडा; ॲडजस्टेबल असला की तो स्क्रूने कमीजास्त करता येतो. बफर म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या, काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टमागचं वजन. त्याचं नंतर बघू.

तुम्ही लिहिलंय की रेंजवर सगळे 'एच3 (म्हणजे जड बफर) टाक आणि विसरून जा' म्हणतात. आमच्या साडूंचाही हाच मंत्र आहे आणि त्यावरून आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला बायकांनी आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी ह्यूस्टनला रिफायनऱ्यांच्या कंट्रोल व्हॉल्व्हवर काम करतो. दाब जास्त येतोय ना, मग तो उगमापाशी कमी करा. पुढच्या यंत्राला सोसावं म्हणून ते जाडजूड करत बसू नका. आमच्या धंद्यात हे पोराटोरांनाही कळतं. साडू आयटीतले. त्यांनी 10.5 इंची बॅरल घेतली, कार्बाइन लांबीची, म्हणजे आखूड, गॅसची नळी. पोर्टचं, म्हणजे बॅरलमधून गॅस घेणारं, भोक केवढं ते विकणाऱ्याने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. सप्रेसरशिवाय छान चालायची. सप्रेसर चढला आणि तुमच्यासारखंच सुरू: डोळ्यांत पाणी, रिकाम्या पुंगळ्या घड्याळातल्या एकच्या दिशेला भिरकावलेल्या, आणि मॅगझिन भरलेलं असूनही बोल्ट काडतुसाच्या वरून रिकामाच पुढे जायचा. बोल्ट इतक्या वेगाने मागेपुढे होतो की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर ढकलायला सवडच मिळत नाही. साडूंनी काय केलं? मॅगझिनं बदलली.

मग बफर. साध्या 3 औंसाच्या जागी एच2, त्यानंतर एच3, म्हणजे जवळपास साडेपाच औंस. तरी समाधान नाही म्हणून कडक स्प्रिंग. पुंगळ्या तीन-चारच्या दिशेला पडायला लागल्या तेव्हा मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'झालं की नाही?'

कुकरची शिट्टी उडतेय म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवायचा, पण गॅस बारीक करायचा नाही, असला हा प्रकार.

जानेवारीच्या थंडीत सप्रेसर काढून स्वस्तातली .223 काडतुसं घेऊन गेलो तेव्हा खरं काय ते दिसलं. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहायला हवा, तो अडकेना. पुढे पुढे तर पुंगळी धड बाहेरही पडेना. तीच रायफल, सप्रेसर लावला तर गॅस जास्त, काढला तर बोल्टला मागे जायला जोर कमी. साडू म्हणाले, 'काडतुसंच फालतू आहेत.' मी म्हटलं, अहो, गॅस ब्लॉक काढा, मी मोजतो.

कामावरचा पिन गेजचा (भोकाचा व्यास मोजायच्या पिनांचा) संच घेऊन गेलो. 0.081 इंचाची पिन आरामात आत. अमेरिकन नौदलाच्या एमके 18 रायफलची बॅरल 10.3 इंची, तिचं पोर्ट 0.070. अकरा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे एक तृतीयांश जास्त रस्ता. बनवणारे हे मुद्दाम करतात. गिऱ्हाइकाने सगळ्यात कमजोर काडतूस घातलं, रायफल घाण असली, तरी चालली पाहिजे, तक्रार येता कामा नये. सप्रेसर लावणाऱ्याचं काय होईल हा त्यांचा प्रश्न नसतो.

आखूड बॅरलमध्ये गोळी पोर्ट ओलांडून लगेच बाहेर पडते, गॅसला वेळ थोडा मिळतो, म्हणून भोक मोठं ठेवावं लागतं. सप्रेसर लावला की गोळी बाहेर पडल्यावरही दाब चटकन उतरत नाही, आणि ते मोठं भोक गॅस ओढतच राहतं. बोल्ट लवकर उघडतो, चेंबरमध्ये दाब असतानाच पुंगळी उपसली जाते. एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी ओढणाऱ्या आकड्याचे) हाल होतात ते वेगळेच. उलट बाजूने पाहायचं तर व्हिएतनाम युद्धातल्या एक्सएम177 या आखूड रायफलला बॅरलच्या तोंडावर चार इंचांहून लांब मॉडरेटर नावाची जोडणी होती. आवाज आणि ज्वाळा कमी करायला ती होतीच, पण तिच्यामागे साठणाऱ्या दाबानेच ती आखूड रायफल नीट चालायची.

साडूंचा हुकमी एक्का अमेरिकन लष्कराची एम16 रायफल. साठच्या दशकात काडतुसातली दारू बदलली, गोळीबाराचा वेग वाढला, रायफली अडकायला लागल्या, 1967 मध्ये अमेरिकन संसदेच्या आयकॉर्ड समितीने चौकशी केली. 'आणि लष्कराने काय बदललं? बफर!' बरोबर आहे. पण तिथे हजारो रायफली सैनिकांच्या हातात जाऊन पडलेल्या होत्या. साडूंकडे एक रायफल आहे आणि ॲलन की.

तुमच्यासाठी: बफर एच किंवा एच2 ठेवा, स्प्रिंग साधी. सप्रेसर लावा, गॅस ब्लॉकचा स्क्रू बंद करा, मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला, तेही तुम्ही वापरता त्यातलं सगळ्यात कमजोर. एकेक क्लिक उघडत जा. बोल्ट दरवेळी मागे अडकायला लागला की आणखी एक-दोन क्लिक द्या आणि थांबा. पुंगळ्यांच्या दिशेवर फार विसंबू नका, डिफ्लेक्टर (पुंगळी आपटते तो उंचवटा) आणि पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरच्या स्प्रिंगनेही ती बदलते. सप्रेसर काढून चालवायची असेल तर स्क्रू पुन्हा उघडावा लागतो, म्हणून दोन्ही जागा रंगाने खूण करून ठेवा. काजळीने स्क्रू धरतो, अधूनमधून हलवत राहा.

साडूंनी शेवटी ब्लॉक बसवला. रायफल आता दोन्ही प्रकारे चालते. कडक स्प्रिंग मात्र अजून आतच आहे आणि त्यांच्या मते सगळी करामत तिचीच.

तोंडावर येणाऱ्या गॅसबद्दल विचारलंत, त्यावर ब्लॉक पूर्ण इलाज नाही. बराचसा गॅस बॅरलमधूनच मागे येतो आणि पुंगळीच्या खिडकीतून बाहेर पडतो. ब्लॉकने फरक पडेल, पण खरा फरक कमी बॅक प्रेशरच्या, म्हणजे गॅस मागे कमी ढकलणाऱ्या, सप्रेसरने पडतो, आणि तो महाग असतो. जड बफर अगदी बिनकामाचा नाही, बोल्ट थोडा उशिरा उघडतो हे मान्य. हे वाक्य कृपया साडूंपर्यंत पोचवू नका.

कागदपत्रांचं तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो: 16 इंचांखालची बॅरल चढवायच्या आधी एटीएफची (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याची) मंजुरी हातात हवी. 1934 पासूनचा 200 डॉलरचा कर 1 जानेवारी 2026 पासून अशा आखूड रायफलींना आणि सप्रेसरना शून्य झालाय, अर्ज आणि नोंदणी तशीच आहे. एच-1बी वर असाल तर यात पडूच नका.

आणि काहीही विकत घेण्याआधी पोर्ट मोजा. पिन गेज नसेल तर बारीक ड्रिल बिटांचा मागचा गुळगुळीत दांडा चालतो, अलगद सरकवून बघायचा. बिट उलटा धरून फिरवायला जाऊ नका, भोक आधीच पुरेसं मोठं आहे.