‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमा दोनदा पाहिला. आता नाटक पाहायची गरज आहे का?

आहे.

नव्याने उभ्या राहिलेल्या प्रयोगाला मी आप्पांबरोबर गेले होते. खाँसाहेबांच्या, म्हणजे नाटकातल्या मुख्य गवयाच्या, भूमिकेत राहुल देशपांडे. आप्पांनी तरुणपणी याच भूमिकेत राहुलच्या आजोबांना, वसंतराव देशपांडेंना, ऐकलेलं, त्यामुळे घरून निघतानाच म्हणाले, “नातू आहे म्हणून येतोय, फार आशा नाही.” तिसऱ्या रांगेत बसलो. ‘सुरत पिया की’ सुरू झालं. एकेक राग उलगडायला लागला तशी आप्पांची बोटं माझ्या मनगटावर ताल धरायला लागली. समेवर सगळं थिएटर एकदम ‘वाहवा’ म्हणालं, तेव्हा आप्पा उभेच राहिले. गुडघे दुखत होते त्यांचे. परत येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत.

२०१५ च्या दिवाळीत सिनेमा आला. दादा आम्हा सगळ्यांना घेऊन गेला आणि बाहेर पडल्या पडल्या म्हणाला, “आता नाटकाची गरजच संपली. गाणी आटोपशीर, महाल खरा.” आप्पा तेव्हाही काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. ते आता नाहीत. दादाचं मत तेच आहे.

दादा, गाणं आटोपशीर हवं कशाला? पडद्यावर सचिन पिळगांवकर आहेत आणि गळा राहुल देशपांडेंचा. काम दोघांचंही उत्तम, पण गाणारा दिसत नाही. नाटकात चिडून बोलणारा आणि तान घेणारा माणूस एकच. त्याचा दम लागलेला दिसतो. ‘घेई छंद’ पंडितजी, म्हणजे खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक, संथ गातात आणि खाँसाहेब तेच पद झपाट्याने. गायकीच्या दोन घराण्यांचं भांडण तिथे कानांना कळतं, त्याला महाल लागत नाही. १९६७ साली रंगमंचावर आलेलं हे नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलं आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी चाली दिल्या, त्या समोर बसून ऐकणाऱ्यांसाठी.

सिनेमा वाईट नाही. ‘सूर निरागस हो’ मीही रोज ऐकते, आणि माझी भाची सिनेमा पाहूनच गाणं शिकायला लागली. शिवाय खाँसाहेबांच्या भूमिकेत कच्चा गळा असेल तर तीन तास निघत नाहीत, तेव्हा गाणार कोण ते आधी विचारा.

मागच्या प्रयोगाला मी दादाचंही तिकीट काढलं होतं, तिसऱ्या रांगेतलं. तो आला नाही. त्या खुर्चीवर मी पर्स ठेवली नाही, कुणाला बसूही दिलं नाही.